छडीला आवाज नसतो

लोरेंत्स विटकॉप बोलायला लागला की वाद्यवृंदातले लोक आपापली राहिलेली कामं उरकून घेत. बासूनवाला खिशातून चाकू काढून आपल्या वाद्याची वेताची पत्ती तासायला लागे, मागच्या रांगेतल्या दोघी व्हायोलिनवाल्या उन्हाळी सुट्टीत कुठं जायचं ते कुजबुजत ठरवत, आणि नगारेवाला तर उघड उघड वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवी. कंडक्टरनं फार बोलू नये अशी या मंडळींची जुनी श्रद्धा. त्यानं म्हणावं, इथं हळू, इथं जोरात, इथं आखूड; आणि मुकाट्यानं छडी हलवावी. पण विटकॉपला उपमा सुचत. आणि सुचल्या की त्याच्यानं राहवत नसे.

"इथं असं वाजवा," तो डोळे मिटून म्हणाला, "जणू एखादी विधवा सफरचंद हुंगतेय. हुंगतेय फक्त. खात नाहीये."

 मग तिसऱ्या हॉर्नवाल्या ऊवेनं हात वर केला. "हेर विटकॉप, एक शंका. सफरचंद लाल की हिरवं?"

कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. विटकॉपला चेष्टा कळली नाही. त्यानं कपाळाला छडी लावून खरोखर विचार केला.

"लाल," तो म्हणाला.

हॉर्न म्हणजे गोल वळलेलं पितळी फुंकवाद्य, आणि त्याच्या पहिल्या खुर्चीत आल्मुट क्रायसिग हसू दाबत बसली होती. दाबणं भागच होतं. तिचं चाचणीचं वर्ष संपत आलं होतं. नव्या माणसाला वर्षभर आपल्यात बसवून घ्यायचं, त्याचा प्रत्येक स्वर, प्रत्येक उशीर, तोंडावरची प्रत्येक सुरकुती पाहून ठेवायची आणि मग सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, हा आपला की परका, अशी इथली रीत. गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मैफल, एकच कार्यक्रम दोनदा. आणि मधे शुक्रवारी दुपारी आल्मुटच्या नावाचं मतदान.

या चिठ्ठ्यांवर फक्त तिचं एकटीचंच अवलंबून होतं असं नव्हतं. तिचा नवरा टील तीन गावं तिच्या मागोमाग फिरला होता. प्रत्येक गावी नवी शाळा, नवी बदली नोकरी, आणि तेच जुने खोके, ज्यांच्यावरची चिकटपट्टी आता चिकटायलाही तयार नव्हती. इथं त्याला कायमची शाळा मिळाली होती. लीनेला, त्यांच्या दीड वर्षाच्या लेकीला, पाळणाघरात जागा मिळाली होती. आणि या देशात पाळणाघरात जागा मिळणं म्हणजे काय, ते ज्याला मूल आहे त्यालाच कळतं. लीने नुकतीच तिथल्या बाईंना पाहून रडायची थांबली होती. आता पुन्हा खोके नकोत, एवढंच आल्मुटला हवं होतं.

मैफलीत होती संगीतकार आउगुस्ट रेवाल्टची तिसरी सिंफनी, अनेक भागांची मोठी वाद्यरचना. रेवाल्ट याच गावचा. मेला त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, पण गावानं त्याला अजून पुरला नव्हता. त्याच्या नावाचा चौक होता, त्याच्या नावाचा केक होता, तोही कोरडाठाक. आणि नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ रोज दुपारी त्याच्या तिसऱ्या सिंफनीतली धून ठणठणत वाजवी. ही तिसरी पहिल्यांदा वाजली ती याच सभागृहात. त्यामुळे ती कशी वाजवायची हे आपल्यालाच ठाऊक, बाकी जगानं यावं आणि शिकून जावं, असं या वाद्यवृंदाचं मत. जग काही येत नव्हतं, ते सोडा.

त्या सिंफनीतला दुसरा, संथ भाग सुरू होतो तो एकट्या हॉर्ननं. बाकी सगळे गप्प. हॉर्न एक लांबलचक ओळ म्हणतं, आणि मग खालून व्हिओला, व्हायोलिनच्या जाड आवाजाच्या थोरल्या बहिणी, हळूच येऊन मिळतात. या घराण्याची रीत अशी, की त्या ओळीआधी एक प्रदीर्घ विराम घ्यायचा. त्याला सगळे "पवित्र विराम" म्हणत. आणि मग हॉर्ननं भरदार, रुंद, सावकाश सुरू करायचं, जणू डोंगराआडून सूर्य वर येतोय. म्हाताऱ्या बायका इथं रुमाल काढत. वर्षानुवर्षं काढत आल्या होत्या.

आणि हा विटकॉप, वर्षभरापूर्वी आलेला, बिनकॉलरचे काळे सदरे घालणारा, पहिल्याच तालमीत म्हणाला, "विराम नको. सूर्य नको. कुणीतरी घरी चाललंय आणि चालता चालता स्वतःशी गुणगुणतंय. आपण ऐकतोय हे त्याला माहीतच नाही. अगदी हळू, फ्राउ क्रायसिग. आणि चालीला लागा. रेंगाळू नका."

म्हणायला याच्या बापाचं काय जातं, असं आल्मुटच्या मनात आलं. वरच्या पट्टीतला तो पहिला स्वर, पाठोपाठ त्याहून वरचा दुसरा. जोरात वाजवला तर छाती भरून श्वास मागे उभा असतो, स्वर पडत नाही. पण अगदी हळू, तोही एकटीनं, थंडगार ओठांनी, हजार माणसं कान टवकारून बसलेली असताना? तिथं स्वर फुटतो. कोंबड्याची मान पिरगाळावी तसा आवाज येतो. आणि तो कंडक्टरच्या नावावर जमा होत नाही. छडीला आवाज नसतो. ती हवेत काय वाटेल ते काढते, फुलं, पाखरं, सफरचंद हुंगणाऱ्या विधवा, आणि चुकतो तो नेहमी वाजवणारा.

"पुन्हा," विटकॉप म्हणाला. "आणखी हळू. तुम्ही अजून आम्हाला सांगताय. सांगू नका."

मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं सगळ्यांना थांबवलं आणि एकट्या व्हिओलांना त्यांची ओळ वाजवायला लावली, त्याच्या लयीत. लांब, आखूड, आखूड. लांब, आखूड, आखूड. घराण्याच्या संथ लयीत ही ओळ म्हणजे कुणी जड कपाट सरकवावं तशी वाटे. आता ती हलकी झाली. कशासारखी, ते आल्मुटला आठवेना. ओळखीचं काहीतरी होतं आणि जिभेवर येत नव्हतं.

"वा," ऊवे तिच्या कानाशी म्हणाला. "आता व्हिओलासुद्धा घरी निघाल्या. दुपारच्या जेवणाला."

उपाहारगृहात कॉन्सर्टमास्टर बुर्कहार्ट श्टाम बटाट्याच्या सूपची वाटी घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. श्टाम म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा पहिला माणूस, तीस-पस्तीस वर्षं त्याच खुर्चीत. खुर्ची आणि तो यात आता फारसा फरक उरला नव्हता. कंडक्टर येत, जात. श्टाम राहत असे. एखादा कंडक्टर अगदीच कुचकामी निघाला की सगळे श्टामच्या खांद्याकडे बघून वाजवत, आणि वर छडी नुसतीच वारा घाली.

"काय गं, कशी आहे लेक?" तो म्हणाला.

"दात येतायत. रात्रभर किरकिर."

"येतील. सगळ्यांना येतात." त्यानं पाव सूपमध्ये बुडवला. "हे बघ आल्मुट, तू सुरुवात एकटीनं करतेस. म्हणजे लय तू ठरवतेस. तो नाही. तू आपल्या पद्धतीनं सुरू केलंस की मागं आम्ही आहोतच. त्याला काय करायचंय ते करू दे. वल्हवू दे हवेत."

"आणि त्यानं थांबवलं तर?"

"मैफलीत? कुणाची छाती आहे?" श्टाम हसला. हसला म्हणजे मिशी थोडी हलली. "कुणी तुझ्यावर जबरदस्ती करत नाहीये, पोरी. फक्त शुक्रवारी दुपारी लोक चिठ्ठ्या लिहितात तेव्हा आदल्या संध्याकाळचं कानात असतं. माणसाचा स्वभाव आहे. मी काय करू?"

तो वाटी घेऊन उठला. ऊवे सरकून त्याच्या जागी आला.

"धमकी की आशीर्वाद?"

"दोन्ही. सूपसकट." आल्मुटनं विचारलं, "काय रे, हा पवित्र विराम आला कुठून? रेवाल्टनं तर कुठं लिहिलेला नाही."

"म्हातारा गेर्लाख, जुना कंडक्टर, माहितीये? भिंतीवर फोटो आहे तो, गालमिश्यांचा. माझ्या गुरूंचे गुरू त्याच्या हाताखाली वाजवायचे. त्याला दमा होता. पहिला भाग संपला की बिचारा कठड्याला धरून धापा टाकायचा, रुमालानं चष्मा पुसायचा, मग छडी उचलायचा. तो मेला, विराम राहिला."

"म्हणजे आपण सगळे इतकी वर्षं एका म्हाताऱ्याच्या दम्यासाठी थांबतोय?"

"थांबतोय ना. आणि काय सुंदर थांबतो!" ऊवेनं तिच्या ताटातला काकडीचा तुकडा उचलला. "तू मात्र थांब हं. शहाणपणा नको. मला तू शेजारी हवी आहेस. तुझ्या आधीच्या पहिल्या हॉर्नवाल्याला लसणाचा वास यायचा."

ज्याला आपण हसतो त्याचीच पूजा करायची, असला हा देव्हारा. आल्मुटला श्टामची कीव आली, ऊवेची थोडी कमी आली, आणि विटकॉपची तर मुळीच नाही. त्याच्याबद्दल तिच्याकडे निव्वळ तुच्छता शिल्लक होती. तिनं ठरवून टाकलं. सूर्य उगवायचा. भरदार, रुंद, खोके बांधायला न लावणारा सूर्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लीनेला बाबागाडीत घालून पाळणाघराकडे निघाली. त्यांच्या गल्लीत अजून जुन्या गोल दगडांची फरसबंदी आहे; चाक एका दगडावरून लांब घसरतं आणि पुढच्या दोन फटींत दोनदा आपटतं. लांब, आखूड, आखूड. लीने बोबडं काहीतरी म्हणत होती आणि दगडागणिक तिचा आवाज थरथरत होता, ते तिला आवडे. मुद्दाम "आऽऽ" करून ती स्वतःचा थरथरता आवाज ऐके. आल्मुट नेहमीसारखी चालता चालता गुणगुणायला लागली. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर एकदम थांबली.

ती रेवाल्ट गुणगुणत होती. विटकॉपच्या लयीत. खाली चाकं व्हिओलांची ओळ वाजवत होती आणि वर तिची ओळ अशी बसली होती जशी लीने तिच्या कमरेवर बसते, न बसवता. आधी घ्यायला विराम नव्हता, कारण चालणारं माणूस गाण्याआधी थांबत नाही. जोर नव्हता, कारण ऐकवायचं कुणालाच नव्हतं. तिनं मुद्दाम श्टामच्या लयीत म्हणून पाहिलं. त्या लयीनं गाडी ढकलायची तर प्रत्येक दगडावर उभं राहावं लागलं असतं. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली, "बाई, झोपलात की काय?" ती बाजूला झाली.

आणि तिला संताप आला. आनंद नाही, संताप. गावाच्या छातीवर शंभर वर्षं बसलेला हा सूर्य खोटा होता. खरं होतं ते एक घरी निघालेलं माणूस. आणि हे कळलं कुणाला? तर सफरचंदवाल्याला! ज्याला चेष्टा कळत नाही, ज्याला वादकांची नावं वर्षभरात पाठ झाली नाहीत, जो आरशात पाहून छडी हलवायला शिकला असावा, त्या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट आली होती. कुठलं पाखरू कुठल्या झाडावर येऊन बसेल याचा नेम नसतो. बाभळीवरसुद्धा बसतं. पण म्हणून बाभळीला हार घालायचा का?

"आऽऽ," लीने म्हणाली. गाडी का थांबली, असं विचारत होती ती.

त्याच दिवशी रंगीत तालमीला आल्मुटनं श्टामच्या पद्धतीनं वाजवलं. पोटापाण्याच्या भीतीनं वाजवलं, दुसरं काय. विरामासकट, सूर्यासकट. एकही स्वर हलला नाही. तालमीला आलेल्या पेन्शनरांनी समाधानानं माना डोलावल्या. मनोऱ्यावर ऐकतो तेच पैसे देऊन ऐकायला मिळालं होतं. श्टामनं मागं न पाहता खुर्चीखाली बूट जमिनीवर घासला. वादकांचे हात गुंतलेले असतात, म्हणून दाद पायानं द्यायची. बुटाचा तो खरखर आवाज साऱ्या व्हायोलिनच्या रांगेतून पसरत गेला. आल्मुटला तो अंगावरून झाडू फिरवल्यासारखा वाटला.

विटकॉपनं थांबवलं नाही. रागावला नाही. तिला वाटलं होतं, आता हा बोलेल, उपमांचा पाऊस पाडेल. तो नुसता पान उलटून पुढं गेला.

मधल्या सुट्टीत मागच्या बोळात तो तिला भेटला. कागदात गुंडाळलेला कलेजीच्या लिव्हरवुर्स्टचा पाव खात उभा होता, आणि त्याच्या काळ्या सदऱ्यावर चुरा सांडला होता.

"छान वाजवलंत," तो म्हणाला. "अगदी नगरपालिकेच्या घड्याळासारखं."

"हेर विटकॉप, शुक्रवारी दुपारी माझं मतदान आहे."

"माहीत आहे. माझंही एक मत असतं त्यात."

"तुम्ही म्हणता तसं वाजवलं आणि स्वर फुटला, तर काय कराल?"

त्यानं घास गिळला. तिनं खरंच विचारलं होतं. तो एक वाक्य बोलला असता, एकच, की मी उभा राहीन, मी सांगेन की हे माझं होतं, तर तिनं त्याला सगळी सफरचंदं माफ केली असती.

"मी तर पुढच्या शरद ऋतूत इथं नसणारच," तो म्हणाला. "हे अजून कुणाला बोलू नका. उत्तरेला एक मोठा वाद्यवृंद आहे, करार झाल्यातच जमा आहे. तेव्हा इथल्या भानगडीत मी कशाला पडू? तुम्ही सांभाळून घ्या काय ते." आणि बोटं चाटून तो आत गेला.

घरी टील तव्यावर बटाट्याची थालीपिठं उलटत होता, लीने जमिनीवर बसून सफरचंदाचा मुरंबा दोन्ही हातांनी केसांना लावत होती.

"मग?" टीलनं विचारलं. "उद्या सूर्य की बाबागाडी?"

"सूर्य."

"बरं."

"बरं काय बरं? काहीतरी बोल की."

"मी गणिताचा मास्तर आहे गं. मला दोन्ही सारखंच ऐकू येतं." त्यानं गॅस बंद केला. "पण तू सकाळी पाळणाघरातून आल्यावर अर्धा तास बोलत होतीस. मुरंब्यात हात घालून ही बसलीये ना, तशी बसली होतीस. तालमीवरून आलीस आणि एक शब्द नाही. एवढं मला मोजता येतं."

"आणि खोके?"

"खोके माझ्याकडे लागले," तो म्हणाला. "नवी चिकटपट्टी आणीन." मग जरा थांबून, "पण खरं सांगू? आणायला लागू नये असं वाटतं. मला ही शाळा आवडते." तो खोटं बोलला नाही म्हणून तिला त्याचा हात धरावासा वाटला. पण त्याच्या हाताला पीठ होतं आणि लीनेच्या हाताला मुरंबा, तेव्हा तिनं लीनेला उचललं.

गुरुवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. नगराध्यक्ष, रेवाल्ट मंडळाच्या बायका, रुमाल हाताशी. पहिला भाग झाला तसा झाला. श्टामनं खांदा हलवला तशी अर्धी माणसं गेली, विटकॉपनं छडी हलवली तशी उरलेली अर्धी. नवऱ्याबायकोनं एकच गालिचा दोन टोकांनी झटकावा तसं चाललं होतं. पहिला भाग संपला. लोक खोकले.

आल्मुटनं हॉर्न ओठांशी नेलं. अजून तिचं ठरत नव्हतं. श्टामनं डोकं किंचित वळवून तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच होकार भरला. तिनं विटकॉपकडे पाहिलं.

विटकॉप थांबला होता. त्यानं खिशातून रुमाल काढला. कपाळ टिपलं. छडी खाली ठेवली, पुन्हा उचलली. तो विराम घेत होता! पवित्र विराम, म्हाताऱ्या गेर्लाखच्या दम्यासकट. आणि मग त्यानं दोन्ही हात सावकाश, रुंद, पंख पसरल्यासारखे वर नेले. हा श्टामचा सूर्य होता. रंगीत तालमीत पाण्याचा अंदाज घेऊन हा माणूस घाबरला होता. मैफलीत वाद्यवृंदानं ऐकलं नाही तर आपली शोभा होईल, उत्तरेपर्यंत बातमी जाईल. त्यापेक्षा ते जे करणार तेच आपण करवून घेतोय असं दाखवलेलं बरं, हा त्याचा हिशेब.

आल्मुटला इतका तिटकारा आला की भीतीला जागाच राहिली नाही. याच्यापेक्षा श्टाम बरा. श्टाम निदान चुकीच्या गोष्टीला जन्मभर चिकटून राहिला. यानं खरी गोष्ट हातात असताना ती रुमालाबरोबर खिशात घातली. आता ती सांभाळायला जगात दुसरं कुणी नव्हतं. हे काही शौर्य नव्हतं. रस्त्यात कुणाचं तरी मूल एकटं उभं दिसलं की पाय आपोआप थांबतात, तसं होतं.

तिनं त्या पंखांची वाट पाहिली नाही. ते वरच होते तेव्हा ती निघाली. हळू. चालत.

पहिला स्वर आला. दुसऱ्यावर ओठ जरा थरकला आणि स्वर कडेला चिरला, नखानं काच ओरखडावी तेवढाच, पण चिरला. तिला माहीत होतं की सगळ्यांनी ऐकलं. ती चालत राहिली. तिसरा, चौथा, वळणावरचा तो खाली उतरणारा. कुणाला ऐकवायचं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बाईंचा रुमाल अर्ध्यावर राहिला. इथं रडायचं की नाही ते त्यांना कळेना.

व्हिओलांचा प्रवेश आला. श्टामनं व्हायोलिनचा गज मुद्दाम जड करून लय मागं ओढली. पण व्हिओला हॉर्नच्या खाली येतात, व्हायोलिनच्या नाही. त्यांनी तिची चाल धरली, निम्म्यांनी कानानं आणि निम्म्यांनी निव्वळ घोटाळ्यानं. आणि विटकॉप? विटकॉपचे पंख क्षणभर हवेत अडकले, मग त्यानं ते चटकन मिटले, छडी आखूड केली आणि तिच्या लयीच्या मागं धावत आला. दोन ओळींत त्यानं तिला गाठलं. तिसऱ्या ओळीला त्यानं डोळे मिटले आणि चेहऱ्यावर असा भाव आणला, जणू हे सगळं त्याच्याच पोटातून येत होतं.

शेवटी टाळ्या जरा उशिरा आल्या आणि मग थांबेनात. वादकांच्या रांगांतून बूट घासले गेले. हॉर्नच्या रांगेत जोरात, व्हिओलांच्या रांगेत बऱ्यापैकी. व्हायोलिनच्या रांगेत मेणबत्त्या लावाव्यात इतकी शांतता होती.

शुक्रवारी दुपारी ती उपाहारगृहाबाहेरच्या बोळात बसली. ज्याचं मतदान असतं त्यानं बाहेर बसायचं. आतून खुर्च्यांचे आवाज आले, मग कुणीतरी हसलं, ते तिच्याबद्दल होतं की नाही कोण जाणे. दार उघडलं. ऊवे बाहेर आला आणि त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही, त्यावरून तिला कळलं. पाठोपाठ श्टाम हात पुढं करून आला.

"वाईट वाटून घेऊ नको, पोरी. यात आकसाचं काही नाही. तो दुसरा स्वर."

"दुसऱ्या स्वराचंच ना?"

"स्वराचंच."

"रंगीत तालमीत एकही फुटला नव्हता, बुर्कहार्ट. मला सगळं न फोडता वाजवता येतं हे तुम्ही ऐकलंय."

श्टामनं पुढं केलेला हात तसाच ठेवला. तिनं त्याचा हात हातात घेतला, कारण हात न देण्याइतकंही तिला त्याच्याबद्दल काही वाटत नव्हतं.

ऊवे मागं रेंगाळला. "आज आजारी पड," तो म्हणाला. "सगळे पडतात. शेजारच्या गावाहून बदली हॉर्नवाला बोलवून ठेवलाय, गाडीत बसलाही असेल. घरी जा, लेकीला घे. आम्ही सांभाळतो."

"तू काय लिहिलंस रे चिठ्ठीवर?"

"हो लिहिलं." तो लाल झाला. "आता विश्वास ठेव की नको ठेवू."

ती घरी गेली. टीलनं दार उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि तिच्या खांद्यावरून हॉर्नची पेटी उतरवून घेतली. लीनेनं तिच्या नाकात बोट घातलं. तिघं जण जमिनीवरच बसली. मग आल्मुट उठली आणि काळा पोशाख इस्त्री करायला घेतला.

"जातेस?" टील म्हणाला.

"जाते. बदली आला म्हणजे तो सूर्य उगवणार."

संध्याकाळी बोळात श्टाम तिला पाहून थबकला. "आलीस? बरं. आलीसच आहेस तर आज तरी आपल्या पद्धतीनं वाजव."

"आपल्या म्हणजे कुणाच्या? दुपारी तुम्हीच मला त्यातून वजा केलंत की."

विटकॉप वर्तमानपत्र घेऊन सामोरा आला, नवा सदरा, तोही काळाच. "वाचलंत? 'विटकॉप यांनी रेवाल्टला मनोऱ्यावरून खाली उतरवून चालायला लावलं.' चालायला! माझाच शब्द. मी पहिल्या तालमीपासून सांगत होतो ना?" मग त्याला काहीतरी आठवलं. "दुपारचं कळलं. वाईट झालं. मी तुमच्या बाजूनं मत देणार होतो, पण कंडक्टरनं अशा वेळी तटस्थ राहावं असं मला वाटतं. तत्त्व म्हणून."

"तुमच्या सदऱ्याला दात घासायची पेस्ट लागलीये," आल्मुट म्हणाली आणि आत गेली.

पहिला भाग संपला. आज विराम नव्हता. विटकॉपनं डोळे आधीच मिटले होते आणि छडी आखूड, लगबगीची केली होती. कालपासून चालणं हे त्याचं होतं. लय जरा जास्तच घाईची होती. नक्कल नेहमी थोडी घाईत असते. आल्मुटनं त्याच्याकडे पाहिलं नाही. श्टामच्या खांद्याकडेही नाही. तिचा श्वास पूर्ण झाला तेव्हा ती निघाली, दोघांच्याही लयीत नाही. मूल गाडीत झोपलेलं असताना माणूस जितकं हळू गुणगुणतं तितकं हळू. दुसरा स्वर आला आणि गेला, अंगणातून मांजर जावं तसा. व्हिओला आज घोटाळल्या नाहीत. त्या तिचीच वाट पाहत होत्या. आणि थोड्या वेळानं पहिल्या व्हायोलिनचेही गज तिच्या चालीत पडले, कारण नाही पडले असते तर ते एकटे पडले असते, आणि एकटं पडायची सवय त्या रांगेला नव्हती.

सिंफनी संपली. टाळ्या उसळल्या. विटकॉपनं तीनदा वाकून घेतलं, छातीवर हात ठेवला, नगराध्यक्षांकडे पाहून मान तुकवली. मग तो वळला, मोठ्या मनानं हात लांब करून त्यानं हॉर्नच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि आल्मुटला उभं राहायची खूण केली.

हॉर्नमध्ये श्वासाचं पाणी साचतं. ते काढावं लागतं. आल्मुटनं वाद्य मांडीवर घेतलं, एक नळी ओढून काढली, झटकली. दुसरी काढली, उलटी धरली. टाळ्या चालू होत्या. विटकॉप हात पसरून उभा होता, हसत, आणि त्याच्या हसण्याला कडेनं तडा जायला लागला होता. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. तिनं हॉर्न पुन्हा एकदा फिरवलं, कान लावून ऐकलं, आत अजून एक थेंब होता.

तो निथळेपर्यंत ती बसून राहिली. मग उभी राहिली.